दोघांनीच शिडाची बोट घेऊन आयोनियन बेटं फिरायची असतील तर

भूमध्य समुद्रात शिडाची बोट भाड्याने घ्यायची, बोटीवर फक्त आपण दोघं, आणि आठवडाभर बेटांच्या काठाकाठाने फिरायचं. नवशिक्या जोडप्यालाही हे नक्की जमू शकतं, मात्र जागा, महिना आणि बोट विचारपूर्वक निवडायला हवी. या सगळ्यामागे मी एकच कसोटी लावतो: बोटीवरचं प्रत्येक काम दोघांपैकी कुणालाही एकट्याने करता आलं पाहिजे. सहाजणांच्या बोटीवर एखाद्याला काही आलं नाही तरी चालून जातं. दोघांच्या बोटीवर एक जण आजारी पडला किंवा पाण्यात पडला, की उरलेला माणूस हाच संपूर्ण खलाशीवर्ग असतो.

कुठे आणि कधी

पहिल्या सफरीसाठी ग्रीसच्या पश्चिमेची आयोनियन बेटं घ्या: लेफ्काडा, मेगानिसी, इथाका आणि केफालोनियाचा उत्तर भाग. फोटोंत दिसणारी पांढऱ्या-निळ्या घरांची बेटं बहुतेक एजियन समुद्रातली असतात. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस थांबत नाही आणि कधी बोफोर्ट ७-८ पर्यंत जातो (बोफोर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप). आयोनियनमध्ये उन्हाळ्यात वायव्येकडून माइस्ट्रो येतो. सकाळी समुद्र जवळजवळ सपाट असतो, दुपारी वारा सुटतो, ३ ते ५ बोफोर्टपर्यंत चढतो आणि सूर्य मावळता मावळता पडतो. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात शीड हाताळलं असेल, तर सकाळ-दुपारचा हा क्रम ओळखीचा वाटेल. भरती-ओहोटीचा फरक मात्र इथे इतका किरकोळ आहे की वेळापत्रक बघायची गरज पडत नाही. मांडव्याच्या जेट्टीवर पाण्याची पातळी किती बदलते हे पाहिलेल्याला याचं मोठं सुख वाटतं.

महिना मे अखेर ते जून, किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये वारा चांगलाच असतो, पण छोट्या बंदरांत जागेसाठी झुंबड उडते. सप्टेंबरचं पाणी पोहायला जास्त उबदार, पण महिना सरत जातो तशी गडगडाटी वादळं वाढतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘यानोस’ हे भूमध्य चक्रीवादळ याच बेटांवर आदळलं होतं. अशी वेळ दुर्मीळ आहे, पण सप्टेंबरात हवामानाचा अंदाज रोज दोनदा बघावा.

लेफ्काडा बेट मुख्य भूमीला रस्त्याने जोडलेलं आहे, त्यामुळे फेरीबोटीची वाट बघावी लागत नाही. सगळ्यात जवळचा विमानतळ प्रेवेझाचा, आक्तिओ नावाचा. अथेन्सहून बसनेही येता येतं, साधारण पाच-सहा तासांत.

कागद आणि शिक्षण

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, म्हणजे आठवड्याच्या सफरीला प्रश्नच नाही. बोटीच्या करारात आणि प्रवाशांच्या यादीत नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

ग्रीसमध्ये कप्तानाशिवाय बोट घ्यायची, तर दोघांपैकी एकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागतं. आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचं डे स्किपर किंवा आयसीसी हे आंतरराष्ट्रीय नौकाचालक प्रमाणपत्र चालतं, आणखी काही संस्थांचीही चालतात. दुसऱ्याने आपल्याला बोट हाताळण्याचा अनुभव आहे असं लेखी द्यायचं असतं. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्राची प्रत बोटवाल्या कंपनीला पाठवा आणि ते चालेल असं लेखी उत्तर मागून घ्या.

दुसऱ्याचं लेखी निवेदन कायद्यापुरतं असतं. माझा आग्रह आहे की कोर्स दोघांनीही करावा. मुंबईत आणि गोव्यात शीड शिकवणाऱ्या शाळा आहेत, पावसाळा सोडून वर्ग चालतात. बंदरात शिरताना लाल बोया (वाटेची तरंगती खूण) डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला, ही खुणांची पद्धत भारतात आणि ग्रीसमध्ये एकच आहे, त्यामुळे इथे शिकलेलं तिथे तसंच लागू पडतं. दोघांचीच बोट किती लांब जाऊ शकते हे बघायचं असेल, तर भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. यांच्याकडे बघा. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघालेल्या या दोघी अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला गोव्यातच परतल्या.

कोर्स झाला तरी हात बसलेला नसेल, तर पहिल्या आठवड्याला फ्लोटिला घ्या. आपली बोट आपणच चालवायची, पण दहा-बारा बोटींच्या ताफ्याबरोबर एक पुढारी बोट असते. तिच्यावर कप्तान आणि इंजिन दुरुस्त करणारा माणूस असतो. संध्याकाळी धक्क्यावर आपला दोर पकडायला हेच लोक उभे असतात. यात कमीपणा मुळीच नाही. एकट्याने बंदर गाठायची धास्ती गेली की शिकणं दुप्पट वेगाने होतं.

बोट किती मोठी

दोघांना ३२ ते ३६ फूट पुरे. कंपनी त्याच भावात ४० फुटी देऊ करेल, मोहात पडू नका. मोठ्या बोटीची शिडं जड, वाऱ्याचा दाब जास्त आणि गर्दीच्या बंदरात तिला वळवणं अवघड. आतली प्रशस्त खोली रात्री आवडते, पण दुपारी धक्क्याला लागताना तिचे चार फूट जास्तीचे होतात.

नांगराची साखळी सोडायला-ओढायला विजेवर चालणारा विंडलास, गुंडाळून ठेवता येणारं पुढचं शीड आणि चालणारा ऑटोपायलट, या तीन गोष्टी असल्याशिवाय बोट घेऊ नका. ऑटोपायलट हा दोघांच्या बोटीवरचा तिसरा गडी. तो सुकाणू धरतो तेव्हा एकाला शीड आवरता येतं आणि दुसऱ्याला नकाशा बघता येतो. बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं पुढचं टोक आडवं ढकलणारा छोटा पंखा, असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका.

ताबा घेताना

आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो आणि बोट दुपारनंतर हातात येते. कंपनीचा माणूस घाईत असेल, तुम्ही घाई करू नका. दोघांनीही त्याच्या मागे फिरा. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सामान लावायचं, ही वाटणी इथे नकोच. इंजिनचं तेल, समुद्राच्या पाण्याची झडप आणि तिचा फिल्टर, बॅटरीचे खटके, गॅसची झडप, संडासाचा पंप आणि मैलाटाकीची झडप, प्रत्येक गोष्ट दोघांनीही स्वतःच्या हाताने एकेकदा चालू-बंद करून बघा. नांगर थोडा सोडून परत वर घ्या. दोन्ही शिडं धक्क्यालाच उघडून बघा, वारा नसेल तर. आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा आणि कागदावर नोंदवून घ्या, कारण अनामत रक्कम त्यावरच परत मिळते.

संडासात कागद टाकायचा नाही. हे पहिल्या रात्रीच ठरवा, नाहीतर आठवड्यातलं सगळ्यात घाण काम कुणाच्या वाट्याला येणार यावर वाद होईल.

कामं कोणी करायची

बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणूवर उभा राहतो आणि बायको नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगर-दोर सांभाळते. धक्क्याला लागताना याच्या उलट केलेलं मला बरं वाटतं. सुकाणूला ताकद लागत नाही, अंदाज आणि धीर लागतो. जड दोर ओढणं, दुसऱ्या बोटीपासून आपली बोट फेंडरने (कडेला लटकवायच्या हवेच्या फुग्याने) दूर ठेवणं, धक्क्यावर उतरणं, यांना ताकद आणि उंची लागते. ज्याच्या अंगात जास्त बळ त्याने दोर घ्यावेत, मग तो कुणीही असो. आणि दर दोन दिवसांनी जागा बदलाव्यात, म्हणजे दोघांचेही हात सगळ्याला सरावतात.

इंजिन चालू असताना नाळेवरचं मागे ऐकू येत नाही. आरडाओरड करून समजतही नाही आणि मनंही दुखावतात. हाताच्या खुणा आधीच ठरवा: पुढे, मागे, न्यूट्रल, साखळी सोड, साखळी थांबव, आणि ‘सगळं सोडून बाहेर निघू’. ही शेवटची खूण दोघांपैकी कुणीही केली, तर दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही. समुद्रात मोकळं व्हायचं आणि मग बोलायचं.

दिवस कसा घालवायचा

सकाळी निघा आणि दुपारी दोनच्या आत रात्रीच्या मुक्कामी पोहोचा. वारा दुपारनंतर वाढतो आणि बंदरं त्याच वेळी भरतात, म्हणून उशीर केला की जोराच्या वाऱ्यात उरलेल्या अवघड जागेत बोट घालावी लागते. मोकळ्या समुद्रात वाऱ्याची मजा घ्यायची असेल, तर जवळचं बंदर ठरवा, बारा वाजता वारा सुटल्यावर दोन तास शिडावर काढा आणि आत या. दिवसाला १० ते १५ सागरी मैल खूप झाले. वेग ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल, धरला तर दोन-तीन तासांचा हा पल्ला.

वारा १५ नॉटच्या पुढे जाऊ लागला की मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, रीफ करा, म्हणजे थोडं उतरवून लहान करा. दोघांच्या बोटीवर हे लवकर करावं, कारण उशिरा करताना एक जण कललेल्या डेकवर आणि दुसरा सुकाणूवर एकटा असतो. मागून वारा असेल तर नवशिक्यांनी मेनसेल उघडूच नये, नुसत्या पुढच्या शिडावर जावं. मागच्या वाऱ्यात मेनसेलची आडवी काठी अचानक एका बाजूकडून दुसरीकडे झेपावते. ती डोक्याला लागली तर जीवावर बेतू शकतं.

वाट कशी आखायची

वारा वायव्येचा, म्हणजे दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी आणि परतताना तोंडावर. पहिल्या चार दिवसांत मौजेने लांब जाऊन शेवटच्या दोन दिवसांत वाऱ्याविरुद्ध झगडणारे बरेच दिसतात. त्यापेक्षा शेवटचे दोन टप्पे आखूड ठेवा आणि उत्तरेकडची वाट सकाळच्या शांत पाण्यात इंजिनवर कापा.

बोट लेफ्काडा शहरातून किंवा त्याच बेटावरच्या निद्रीहून मिळेल. शहरातून दक्षिणेला निघाल्यावर कालव्यातून जावं लागतं. खुणांच्या मधूनच चाला, बाहेर उथळ आहे. पहिला टप्पा जवळचा, मेगानिसीचं स्पार्टोहोरी. तिथे टॅव्हर्नावाल्यांनी (टॅव्हर्ना म्हणजे ग्रीक खानावळ) बोटींसाठी जागा ठेवल्या आहेत. जेवायला त्यांच्याकडे जायचं, एवढाच मोबदला. वाटेत स्कॉर्पिओस बेट लागतं, जिथे १९६८ मध्ये ॲरिस्टॉटल ओनासिस आणि जॅकलिन केनेडी यांचं लग्न झालं. ते खासगी आहे, लांबूनच बघायचं.

दुसरा टप्पा लेफ्काडाच्या दक्षिणेचं सिवोटा. तोंड इतकं वळणाचं आहे की बाहेरून बंदर दिसतच नाही, पण आत पाणी तळ्यासारखं असतं. नकाशात नाव टाकताना एक काळजी घ्या. सिवोटा नावाचं आणखी एक गाव उत्तरेला मुख्य भूमीवर आहे. वाथी नावाचीही दोन बंदरं आहेत, एक मेगानिसीला आणि एक इथाकाला. नाव टाकून आलेला बिंदू नकाशावर कुठे पडला हे बघितल्याशिवाय निघू नका.

सिवोटाहून इथाकाचं किओनी, टोकावर तीन पडक्या पवनचक्क्या दिसतील. ओडिसियसचं बेट ते हेच, असं मानतात. गाव चिमुकलं, धक्काही लहान, म्हणून इथे तर जेवणाआधीच पोहोचावं. टेकड्यांवरून दुपारी वाऱ्याचे झोत येतात, नांगराची साखळी सढळ सोडा. पुढे केफालोनियाचं फिस्कार्डो. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपाने केफालोनियातली बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्डो वाचलं, म्हणून व्हेनिसच्या काळातल्या धाटणीची घरं इथे अजून उभी आहेत. ते बघायला सगळेच येतात, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारनंतर धक्का भरलेला सापडतो. उत्तर बाजूला नांगर टाकून मागचा दोर खडकाला बांधायची तयारी ठेवा. तिथून परत सिवोटा, आणि मग निद्री.

लेफ्काडाचा पश्चिम किनारा, पोर्तो कात्सिकीचे पांढरे कडे, फोटोत फार सुंदर दिसतो. पहिल्या सफरीत तिकडे बोटीने जाऊ नका. तो सगळा माइस्ट्रोच्या तोंडावर आहे, मैलोन्‌मैल आडोसा नाही आणि इंजिन बंद पडलं तर वारा बोटीला काठाकडेच ढकलतो. परतल्यावर एक दिवस जास्त राहा आणि गाडीने जाऊन बघा.

नांगर

पाण्यात बघा. फिकट हिरवट-निळं दिसतं तिथे वाळू, गडद दिसतं तिथे बहुधा पोसिडोनियाचं समुद्री गवत. गवतावर नांगर नुसता घसरतो, शिवाय हे गवत अतिशय सावकाश वाढतं आणि माशांच्या पिल्लांचं घर असतं. वाळूचा तुकडा सापडेपर्यंत फिरा.

खोली अधिक नाळेची उंची, या बेरजेच्या पाचपट साखळी सोडा. ५ मीटर पाणी आणि १ मीटर उंची असेल, तर ३० मीटर. आधी बोट थांबवा, नांगर तळाला लागू द्या आणि मग हळूहळू मागे जात साखळी पसरा. ढीग एकाच जागी पडला तर नांगर धरणार नाही. शेवटी इंजिन मागे टाकून ओढ द्या आणि काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. त्या हलल्या नाहीत म्हणजे नांगर बसला. पाणी उबदार असेल तर चष्मा लावून पोहत जा आणि डोळ्यांनी खात्री करा, रात्रीची झोप याने सुधारते. विंडलास चालवताना इंजिन चालूच ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

मागच्या बाजूने धक्क्याला लागणं

नवशिक्यांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते. मुंबई-गोव्यात बोट सहसा आडवी लावतात. इथे पुढे समुद्रात नांगर टाकून उलट्या दिशेने मागे जायचं आणि मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे.

तयारी बंदराबाहेर पूर्ण करा. दोन्ही बाजूंना फेंडर, मागचे दोन्ही दोर कठड्याच्या बाहेरून आत आणून मोकळ्या वेटोळ्यांत, छोटी होडी नाळेकडे हलवलेली. मग मोकळ्या जागेच्या समोर या आणि लांबूनच उलट चालायला सुरुवात करा. शिडाची बोट मागे जाताना थोडा वेग घेतल्याशिवाय सुकाणू ऐकत नाही, आणि सुरुवातीला इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याच्या फिरण्याने तिचं बूड, म्हणजे मागचा भाग, एका बाजूला, बहुतेक बोटींत डावीकडे, ओढलं जातं. धक्का बोटीच्या तीन-चार लांबींवर आला की नांगर सोडा. साखळी मोकळी वाहू द्या, मध्येच अडवली तर बोट तिरकी होते. बोटीएवढं अंतर उरलं की साखळी किंचित रोखा, म्हणजे नांगर रुततो आणि बोट थबकते.

इथे दोघांची खरी कसरत आहे, कारण नांगर नाळेवर आणि दोर मागे. नाळेवरच्या माणसाने विंडलास थांबवून धावत न येता चालत मागे यावं. तोवर सुकाणूवरचा माणूस वाऱ्याकडचा दोर स्वतःच फेकू शकतो, तो उभा मागेच असतो. वाऱ्याकडचा दोर आधी, नेहमीच. तो बांधला की इंजिन पुढच्या गिअरमध्ये अगदी हळू ठेवून बोट ताणून धरता येते आणि दुसरा दोर निवांत बांधता येतो. मग साखळी आवळा आणि धक्क्यापासून मीटरभर अंतर राखून फळी टाका.

बाजूचा वारा बोटीला ढकलू लागला, तर नांगर उचला, बाहेर जा आणि पुन्हा या. धक्क्यावरची माणसं दोर पकडायला बहुतेक वेळा स्वतःहून पुढे येतात. तुम्ही आधी पोहोचला असाल, तर तुम्हीही उठून दुसऱ्यांचे दोर घ्या.

एक जण पाण्यात पडला तर

पहिल्या दिवशी, वारा सुटायच्या आधी, फेंडरला बादली बांधून पाण्यात टाका आणि दोघांनीही एकेकट्याने ती परत आणून दाखवा. क्रम असा: तरंगतं कडं फेका, जीपीएसवरचं एमओबीचं (‘मॅन ओव्हरबोर्ड’, माणूस पडल्याची जागा नोंदवणारं) बटण दाबा आणि नजर हलवू नका. शीड गुंडाळा, पाण्यात दोर लोंबत नाही हे बघून इंजिन लावा, हळू जवळ जा आणि माणूस बाजूला आला की गिअर न्यूट्रलला. पंखा फिरत असताना माणूस जवळ येता कामा नये.

खरा प्रश्न वर कसं घ्यायचं हा आहे. ओल्या कपड्यांतला ७०-८० किलोंचा जोडीदार हातांनी उचलला जात नाही. पाणी शांत असेल तर मागची शिडी. लाटा असतील तर बोटीचं बूड आपटतं, अशा वेळी शीड चढवायचा मोकळा दोर (हॅलयार्ड) जॅकेटच्या पट्ट्याला अडकवून विंचने, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीने, वर घ्यायचं. हे बंदरात उभ्या बोटीवर एकदा करून बघा, तेही दोघांनी आळीपाळीने.

पडूच नये म्हणून, डेकवर पुढे जाताना वारा असेल तर जॅकेट आणि बोटीला अडकवलेला पट्टा, न चुकता. रेडिओवर चॅनल १६ (संकटाच्या हाकेचा) आणि आपोआप मदतीचा संदेश पाठवणारं लाल डीएससी बटण दोघांनाही वापरता आलं पाहिजे. ‘मेडे’, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, कशी द्यायची ते मराठीत-इंग्रजीत कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. ग्रीक तटरक्षक दलाचा फोन १०८, युरोपभरचा ११२.

खाणं-पाणी

टाकीत साधारण २००-३०० लिटर पाणी असतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासली, तर दोघांना तीन-चार दिवस सहज पुरतं. छोटा कुकर घेऊन जा, गॅसही वाचतो आणि वाऱ्यात सांडतही नाही. लेफ्काडाच्या डोंगरातल्या एग्लुवी गावची मसूर ग्रीसभर नावाजलेली आहे, ती घेऊन मुगाच्या खिचडीऐवजी मसूर-भात करा. शाकाहारी असाल तर टॅव्हर्नात गिगांतेस (मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे), ब्रियाम (भाजलेल्या भाज्या), गेमिस्ता (भात भरलेले टोमॅटो-मिरच्या) आणि होर्ता (उकडलेली पालेभाजी) मागा. गेमिस्तात खिमा नाही ना, एवढं विचारून घ्या. बोट लागण्याची सवय असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही.

बोट परत देताना

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तळावर परत यायचं असतं. डिझेलच्या पंपावर त्याच वेळी रांग लागते, म्हणून दुपारी लवकर पोहोचा. मैलाटाकी बंदरात कधीच सोडू नका. जे काही मोडलं, हरवलं किंवा खालून घासलं, ते पाणबुड्या बोटीखाली उतरण्याआधीच सांगा. कंपन्या अशा गोष्टी रोज बघतात आणि आधी सांगितलं की हिशेब सरळ होतो. ताबा घेतानाचे फोटो जवळ ठेवा, यादीवर दोघांसमोर सही घ्या आणि अनामत कधी परत येणार ते लेखी मागा.